‘आमच्याकडे तर उघडते आहे’ : वितरणजाळ्यातील दोषांच्या तपासाविषयी प्रस्तावना

संकेतस्थळ ज्या काळी एका गावातल्या एकाच यंत्रावर नांदत असे, त्या काळी ‘संकेतस्थळ बंद आहे’ हे विधान एक तर सर्वांपुरते खरे असे, नाही तर सर्वांपुरते खोटे. आणि ते करणारा मनुष्य मुंबईच्या एखाद्या कचेरीत बसला आहे, की उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानातील गुंद या गावी उभा आहे, याची विचारपूस करण्याची गरज दुरुस्ती करणाऱ्यास सहसा पडत नसे. आज ती पडते. आज आपल्या पडद्यावर उमटणारे पान पुष्कळदा मूळ यंत्राकडून आलेलेच नसते. जगभर विखुरलेल्या शेकडो ठाण्यांपैकी आपल्यासाठी म्हणून जे नेमले गेले असेल, त्या ठाण्यावर ठेवलेली त्या पानाची नक्कल आपल्याकडे रवाना झालेली असते. या व्यवस्थेला व्यवसायातील मंडळी सीडीएन म्हणतात. प्रस्तुत पुस्तिकेत तिला वितरणजाळे म्हटले आहे आणि मीही तेच नाव चालवितो. या जाळ्यात उद्भवणारे दोष ओळखावे कसे आणि त्यांचा माग काढावा कसा, एवढाच पुस्तिकेचा विषय. तो लहान दिसतो खरा. परंतु पुण्याच्या गिऱ्हाइकाला जुना दर, बेळगावच्या गिऱ्हाइकाला नवा दर आणि स्वतःला कोरे पान, असा अनुभव ज्याने एकदा घेतला आहे, तो त्यास लहान म्हणणार नाही.

या व्यवस्थेची गरज निर्माण केली ती अंतराने. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. हा वेग ऐकावयास प्रचंड वाटला, तरी मुंबई आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांमध्ये सरळ रेषेनेच बारा हजारांहून अधिक किलोमीटर आहेत, समुद्रतळाच्या तारा सरळ रेषेत जात नाहीत, आणि पान मागण्यापूर्वी दोन यंत्रांना परस्परांची ओळख पटवून सांकेतिक संभाषणाची जी तयारी करावी लागते, तीत हेलपाटे एकाहून अधिक होतात. त्यावर प्रत्येक चित्र, प्रत्येक टंक, प्रत्येक लहानमोठी फाइल वेगळी मागावयाची. गुंदपासून मुंबई सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांच्या आत आहे आणि बेंगळूर त्याहूनही जवळ. तेथल्या ठाण्यावर नक्कल तयार असेल, तर प्रकाशाला जाऊन येण्यास सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो.

अंतराच्या जोडीला इंटरनेटवर होणाऱ्या दाटीचा प्रश्नही होता. तो वर्ल्ड वाइड वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील आपल्या सहकाऱ्यांपुढे मांडला, आणि टॉम लेटन हे गणिताचे प्राध्यापक व त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी तो उचलला. कोणती वस्तू कोणत्या यंत्राने सांभाळावी याची वाटणी अशी करावयाची की एखादे यंत्र मध्येच बंद पडले किंवा नवे दाखल झाले, तरी साऱ्या वाटणीची उलथापालथ होऊ नये. या कूटाचे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले उत्तर १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यातून अकामाई ही कंपनी उभी राहिली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर जे पहिले विमान आदळविण्यात आले, त्यात लेविन होता. त्याचे वय त्या वेळी ३१ वर्षांचे होते. त्याच दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळांवर वाचकांचा अभूतपूर्व लोट आला, आणि तो पेलण्याचे काम त्यानेच उभारलेल्या जाळ्यावर त्याच्या सहकाऱ्यांना करावे लागले. दैवाचे असे क्रौर्य कादंबरीत घातले, तर टीकाकार लेखकाला ओढाताणीचा दोष देतील.

जुन्या राज्यकारभाराची माहिती असणाऱ्या वाचकाला मात्र या रचनेचे फारसे नवल वाटू नये. १८६२ मध्ये उत्तर कन्नड जिल्हा मद्रास इलाख्यातून निघून मुंबईकडे आला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईच्या हाताखालीच राहिला. मूळ दप्तर वरच्या कचेरीत, रयतेने पाहावयाची ती तालुक्याची नक्कल, हा सरकारी कामाचा शिरस्ता होता. आणि नक्कल केव्हा केली, ती किती मुदतीपर्यंत ग्राह्य धरावी, मुळात फेरफार झाल्यास खाली वर्दी कोणी द्यावी, हे प्रश्न त्या काळच्या अव्वल कारकुनाला पडत, तसेच ते आजच्या संगणक-अभियंत्यालाही पडतात. काळी नदीवरचे धरण पुरे होऊन सुपा हे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, तरी आधी लिहून ठेवलेल्या कागदांवर ‘तालुका सुपा’ हीच अक्षरे राहिली. त्या कागदांत लबाडी कोणाचीच नव्हती. ते आपल्या वेळेपुरते खरे होते, आणि वेळ निघून गेली होती. वितरणजाळ्यातील तक्रारींचा फार मोठा वर्ग याच जातीचा असतो.

समजा, गुंदमधील एखाद्या होमस्टेच्या मालकाने पावसाळा सरताच खोल्यांचे दर बदलले. मूळ यंत्रावर बदल तत्काळ झाला, आणि तो लॉगिन करूनच पान पाहत असल्यामुळे त्याला तो दिसलाही. कारण ओळख देऊन आत आलेल्या माणसाला नक्कल न देता थेट मुळातील पान आणून द्यावे, अशी योजना बहुधा केलेली असते. मुंबईच्या ठाण्यावरची नक्कल मात्र आदल्या दिवसाची, आणि तिची मुदत कोणी तरी पूर्वी केव्हा तरी एक आठवड्याची ठरवून ठेवलेली. पुण्याचा प्रवासी जुना दर पाहून खोली ठरवितो, दांडेलीवरून रान तुडवीत येऊन पोहोचतो आणि दारात हुज्जत सुरू होते. यात खोटे कोणीच बोलत नाही. दोघांनी पाहिलेली पाने मात्र निराळी आहेत. अशा वेळी मालकाने पडद्यावरचे पान पुनःपुन्हा ताजे करीत बसण्यात अर्थ नाही. पानाबरोबर यंत्राचा एक अदृश्य लखोटा येत असतो, ज्याला हेडर म्हणतात, आणि तपासाला आरंभ तो उघडून करावयाचा. त्यात ‘एज’ या नावापुढे नक्कल किती सेकंदांची जुनी आहे ते लिहिलेले असते. तेथे ८६,४०० च्या आसपासचा आकडा दिसला, तर ती एका दिवसाची शिळी आहे हे सांगण्यास ज्योतिषी नको. ‘हिट’ असे लिहिले असेल तर नक्कल ठाण्यावरच सापडली, ‘मिस’ असेल तर ती मुळाकडून आणावी लागली. काही जाळी तर आपल्या ठाण्याची ओळख जवळच्या विमानतळाच्या तीन अक्षरांनी देतात: मुंबईचे बीओएम, बेंगळुराचे बीएलआर, चेन्नईचे एमएए. पुण्याच्या आणि बेळगावच्या गिऱ्हाइकांना वेगवेगळी पाने का दिसली, याचा उलगडा पुष्कळदा या तीन अक्षरांतच होतो.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे साऱ्या ठाण्यांवरच्या नकला एका हुकुमाने रद्द करणे, ज्यास ‘पर्ज’ म्हणतात. तो प्रसंगी करावाच लागतो. परंतु दर बदलला की पर्ज, चित्र बदलले की पर्ज, अशी सवय ज्याने लावून घेतली, त्याने जाळे घेऊनही न घेतल्यासारखे केले, कारण प्रत्येक वेळी सगळा भार पुन्हा मूळ यंत्रावर कोसळतो. शिवाय वाचकाच्या स्वतःच्या ब्राउझरने जी प्रत जपून ठेवली असेल, तिच्यावर हा हुकूम चालत नाही. त्यापेक्षा मुख्य पानाची मुदत मिनिटांत मोजावी, चित्रांची व टंकांची महिन्यांत. आणि चित्र बदलले तर त्याच्या फाइलीचे नावच बदलावे, म्हणजे जुन्या नकलेचा प्रश्नच उरत नाही. पुस्तिकेचे तिसरे प्रकरण या एकाच गोष्टीला वाहिले आहे, आणि माझ्या मते ते तिचे सर्वांत उपयुक्त प्रकरण आहे.

आता गुंदसारख्या गावाचा जो खास प्रश्न, त्याकडे वळतो. रानातल्या वस्त्यांना मोबाइलची रेंज मिळणे अजून बेभरवशाचे आहे. अंगणाच्या एका कोपऱ्यात ती असते, दुसऱ्या कोपऱ्यात नसते. पावसाळी वाऱ्याने वीज गेली की तीही जाते. याचा परिणाम असा होतो की पान उघडले नाही म्हणजे दोष रेंजचा, हा निर्णय तक्रारदारही देतो, त्याचा पुण्यातला मुलगाही देतो आणि संकेतस्थळ सांभाळणारा तर तो आनंदाने देतो, कारण त्याचे काम त्याने वाचते. पुष्कळदा तो निर्णय बरोबरही असतो, हीच खरी अडचण आहे. रेंजच्या या सार्वत्रिक बदनामीच्या आडोशाला जाळ्याचे खरे दोष महिनेच्या महिने सुखाने राहतात.

आणि तरीही हे दोन दोष वेगळे करणे अवघड नाही. रेंज गेली असेल तर पान येत नाही, चक्र फिरत राहते, शेवटी ब्राउझर आपल्याच शब्दांत संपर्क तुटल्याचे सांगतो. आणि दुसरे एखादे संकेतस्थळ उघडू पाहिले तर तेही तसेच अडते. परंतु पडद्यावर ५०२, ५०४ किंवा ५२२ असा क्रमांक लिहिलेले दोषाचे पान स्वच्छ उमटले, तर रेंजने आपले काम चोख बजावले आहे. कारण ते पान जाळ्याच्या ठाण्यापासून गुंदपर्यंत त्याच रेंजवरून आलेले आहे. मोडला आहे तो ठाण्याच्या पलीकडचा, मूळ यंत्राकडे जाणारा टप्पा. ५०४ म्हणजे ठाण्याने मूळ यंत्राची वाट पाहिली आणि उत्तर वेळेत आले नाही. ५०२ म्हणजे उत्तर आले पण ते ग्राह्य नव्हते. आणि क्लाउडफ्लेअर या जाळ्याच्या परिभाषेत ५२१ म्हणजे मुळाने संपर्क नाकारला, ५२२ म्हणजे संपर्क जुळता जुळला नाही, ५२६ म्हणजे मुळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र पटले नाही. या आकड्यांचे छायाचित्र काढून धाडणारा गुंदचा मनुष्य हा त्या क्षणी साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा साक्षीदार असतो. त्याला ‘तुमच्याकडे नेट नसेल’ असे उत्तर देणे म्हणजे साक्ष न नोंदविताच खटला निकाली काढणे होय.

मोबाइल आणि घरचे वायफाय यांत पडणारा फरकही याच प्रकारात मोडतो. आपल्याकडील मोबाइल कंपन्यांनी, विशेषतः २०१६ मध्ये आलेल्या जिओने, इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, म्हणजे आयपीव्ही६, मोठ्या प्रमाणावर अंगीकारली. पुष्कळ वायफाय-जोडण्या अद्याप जुन्या पद्धतीवर आहेत. संकेतस्थळाच्या नामनोंदणीत नव्या पद्धतीचा पत्ता चुकीचा लिहिला गेला असेल, तर शहरातल्या कचेरीत सारे आलबेल दिसते आणि खेड्यातला मोबाइल अडखळतो. तसेच नावाचा पत्ता सांगणारी जी डीएनएस यंत्रणा, ती वाचकाने कोणाची वापरली आहे यावर कित्येक जाळी ठाणे नेमून देतात. भौगोलिक जवळीक आणि जाळ्याची जवळीक या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ज्याने नकाशा पाहून तपास करावयाचा ठरविला त्याला उशिरा उमगते. गुंदला बेंगळूर जवळ, म्हणून गुंदच्या मोबाइलची वाट बेंगळुरावरूनच जाईल असा मुळीच नेम नाही.

दोषांचा आणखी एक वर्ग असा की त्यात मूळ यंत्र आणि ठाणे ही दोन्ही आपापल्या जागी बरोबर वागतात आणि मिळून घोटाळा करतात. ठाणे वाचकाशी सुरक्षित मार्गाने बोलते परंतु मुळाशी त्याने उघड्या मार्गाने बोलावे अशी योजना आहे. मूळ यंत्रास मात्र ताकीद दिली आहे की उघड्या मार्गाने येणाऱ्यास सुरक्षित मार्गाकडे परतवावे. झाले; ठाणे विचारते, मूळ परतविते, ठाणे पुन्हा तसेच विचारते, आणि वाचकाचा ब्राउझर फेऱ्या खाऊन थकतो. किंवा मूळ यंत्रावरचा पहारेकरी-प्रोग्रॅम पाहतो की हजारो वाचक दहा-पाच पत्त्यांवरूनच येत आहेत, हा हल्ला समजून ते पत्ते बंद करतो. आणि ते पत्ते जाळ्याच्या ठाण्यांचेच असल्यामुळे स्वतःच्याच दाराला कुलूप लागते.

तथापि दार बंद राहणे हा सर्वांत वाईट दोष नव्हे. २५ डिसेंबर २०१५ रोजी, नाताळाच्या दिवशी, स्टीम या खेळांच्या विख्यात दुकानाच्या संकेतस्थळावर नकला ठेवण्याच्या नियमांत चूक झाली आणि एका गिऱ्हाइकाच्या खात्याचे पान दुसऱ्याला दिसू लागले. सुमारे ३४,००० लोकांची माहिती अशा रीतीने परक्यांच्या नजरेस पडली असावी, असे कंपनीने पुढे जाहीर केले. जे पान एकाच माणसासाठी लिहिले गेले, त्याची नक्कल सार्वजनिक ठाण्यावर मुळीच ठेवावयाची नसते. या एका नियमाच्या बाबतीत मी पुस्तिकाकारांहूनही कर्मठ आहे. शंका असेल तेथे नक्कल ठेवू नये. पान थोडे सावकाश उघडेल, त्याला इलाज नाही.

कधी कधी जाळेच कोसळते. ८ जून २०२१ रोजी फास्टली या कंपनीच्या जाळ्यात, महिन्याभरापूर्वी, १२ मेच्या सुमारास शिरलेला एक सुप्त दोष एका गिऱ्हाइकाने केलेल्या पूर्णपणे वैध फेरबदलाने जागा झाला आणि जाळ्याचा ८५ टक्के भाग दोषपाने देऊ लागला. बिघाड मिनिटाच्या आत लक्षात आला, आणि ४९ मिनिटांत ९५ टक्के भाग पूर्वपदावर आला. १८ नोव्हेंबर २०२५ ची क्लाउडफ्लेअरची घटना तपासाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. भारतीय वेळेप्रमाणे सायंकाळी पाचच्या सुमारास जगातील असंख्य संकेतस्थळे अडली. कारण होते ते असे: डेटाबेसच्या परवानग्यांत केलेल्या एका बदलामुळे यांत्रिक भेटींना ओळखणाऱ्या व्यवस्थेची एक फाइल दुप्पट फुगली, आणि तिच्या आकाराला घातलेली मर्यादा ओलांडली जाताच प्रोग्रॅम बंद पडला. परंतु ती फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होई, कधी बरोबर, कधी बिघडलेली. त्यामुळे जाळे मध्येच सुधारे आणि पुन्हा ढासळे. भरीस भर म्हणून, कंपनीच्या यंत्रणेबाहेर ठेवलेले स्थितिदर्शक पानही योगायोगाने त्याच सुमारास बंद पडले. तेव्हा तेथील निष्णात मंडळींनी प्रथम संशय घेतला तो बाहेरच्या प्रचंड हल्ल्याचा. अशा दिवशी गुंदच्या होमस्टेवाल्याने करण्यासारखे फारसे काही नसते. दोष आपला नाही हे लवकर ओळखावे आणि आपल्या नामनोंदणीत व नियमांत हात घालू नये, एवढेच त्याच्या हाती. धांदलीत केलेले फेरबदल जाळे सुधारल्यावर स्वतःच दोष होऊन बसतात.

या साऱ्या विवेचनावरून जाळे म्हणजे सर्व रोगांवरची मात्रा, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी सुमारे ५ कोटी ९० लक्ष लोकांनी पाहिला, तो विक्रम वितरणजाळ्यांवाचून शक्य नव्हता. कारण चेंडू सर्वांना एकच दाखवावयाचा होता. उलट १६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल लागला, तेव्हा परीक्षा न देताच उत्तीर्णतेची वाट पाहणारी पंधरा लाखांवर मुले आणि त्यांचे पालक एकदम लोटले, आणि संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. त्या दिवशीचे नेमके कारण काहीही असो, निकालाचे पान प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगळे असते. जोयड्याचा शेतकरी कर्नाटकाच्या ‘भूमी’ व्यवस्थेतून आपल्या जमिनीची पहाणी मागतो, तेव्हा त्याला आजचा उतारा हवा असतो. ठाण्यावरची कालची नक्कल त्याच्या उपयोगाची नाही. जे पान क्षणोक्षणी आणि माणसागणिक बदलते, त्यासाठी मूळ यंत्रच सशक्त असले पाहिजे. जाळ्याची वर्गणी भरली म्हणजे मूळ यंत्राकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना मिळाला असे मानणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी ही पुस्तिका लिहिलेली नाही.

ती लिहिली आहे ती दोन प्रकारच्या वाचकांसाठी. पहिला, सीमाभागातल्या शाळा, पतसंस्था, होमस्टे, देवस्थाने यांची लहान संकेतस्थळे पगारावर किंवा बिनपगारी हौसेने सांभाळणारा तरुण. दुसरा, ती संकेतस्थळे उघडू पाहणारा आणि न उघडल्यास स्वतःच्या नशिबाला किंवा मोबाइलला दोष देऊन गप्प बसणारा साधा माणूस. या दुसऱ्या वाचकाने पहिले व शेवटचे प्रकरण तेवढे वाचले तरी पुरे. त्याला विनंती इतकीच की, पान अडले तर वेळ लिहून ठेवावी, मोबाइलवर अडले की वायफायवर ते लिहावे, दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे, पडद्यावरच्या क्रमांकाचे आणि खाली बारीक अक्षरांत दिलेल्या खुणेचे छायाचित्र घ्यावे आणि ते सारे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडे धाडावे. आणि पहिल्या वाचकाला विनंती अशी की, अशी तक्रार गुंदहून आली असता ‘आमच्याकडे तर उघडते आहे’ हे उत्तर लिहिण्यापूर्वी, आपण कोणत्या ठाण्यावरून पाहत आहोत आणि तक्रारदार कोणत्या, हे त्याने हेडर उघडून पाहावे. ते कसे पाहावे, हे दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभीच सांगितले आहे.